वेलाचें स्वावलंबन

मालवणाहून आचऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची लहानशी बाग आहे. बाग हें नांव तिला जरा मोठेंच होईल. पंचवीस-तीस माड, ओहळाच्या अंगाला पोफळींची एक ओळ, दोन फणस आणि गडग्याच्या कडेनें लावलेले कांहीं पांगारे, एवढाच तिचा विस्तार. पोफळींवर व पांगाऱ्यांवर मिऱ्याचे वेल चढविलेले आहेत. घरांत, पडवीच्या खिडकींत, काचेच्या बाटलींत पाणी घालून ठेवलेला एक मनीप्लँट आहे. तो आमच्या सुनेनें मुंबईहून आणला. या दोन वेलांनीं, एकानें बाहेरून व दुसऱ्यानें घरांतून, आमच्या एका जुन्या मताला जो धक्का दिला, त्याची हकीकत वाचकांपुढें मांडावी असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

तें मत नवें नव्हतें, व एकट्या आमचेंही नव्हतें. मनुष्यानें आपल्या पायांवर उभें राहावें. दुसऱ्याच्या आधारानें होणारी वाढ ही खरी वाढ नव्हे. आधार काढला कीं ती कोसळते. हें आम्ही शाळेंत शिकलों, पुढें शाळेंत शिकविलें, आणि घरींदारीं पुष्कळांना ऐकविलें. कोंकणांत तर या उपदेशाला विशेष धार होती. जमीन तुटपुंजी, पाऊस उदंड पण वाहून जाणारा, आणि पिढ्यान्‌पिढ्या घरटी एक तरी माणूस मुंबईस चाकरीला. मनिऑर्डरीवर चाललेल्या घरांत स्वावलंबनाची थोरवी जितकी गाइली गेली तितकी ती अन्यत्र क्वचितच गाइली गेली असेल.

या मताचा आम्हीं एकदां प्रत्यक्ष उपयोग केला. आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षीं दोन विषयांत नापास झाला. वडील वारलेले, बिऱ्हाड एका खोलीचें. तो एके दिवशीं आमच्याकडे आला व मान खालीं घालून म्हणाला, "मामा, वर्षभर तुमच्याकडे राहूं का? अभ्यासाला जागा मिळेल. परीक्षा पुन्हां देईन." आम्हीं त्याला चहा दिला, परतीचें भाडें दिलें, आणि अर्धा तास स्वावलंबनाचा उपदेश दिला. जागा मात्र दिली नाहीं. घरांत जागा नव्हती असें नव्हे. माडीवरची खोली रिकामी होती. आपण त्याचें भलें करीत आहों असा आमचा प्रामाणिक समज होता, आणि त्या प्रामाणिकपणाचीच आज आम्हांला अधिक लाज वाटते.

त्या गोष्टीला आतां बारा वर्षें झालीं. मुलगा वाया गेला नाहीं. तो कोल्हापुरास होता, नंतर पुण्यास, नंतर वसईस. सहा नोकऱ्या झाल्या, प्रत्येक ठिकाणीं त्यानें चार माणसें जोडलीं, आणि प्रत्येक ठिकाणाहून तो पुढें सरकला. त्याच्या धडपडीचें आम्ही कौतुक करीत असूं, व त्याला हवें होतें तें शिक्षण त्यानें पुन्हां कधीं हातीं घेतलें नाहीं या गोष्टीचा विचार टाळीत असूं.

तो विचार आमच्या मनांत घुसला तो वेलाच्या वाटेनें. १६ मे २०२१ रोजीं तौक्ते नांवाचें चक्रीवादळ या किनाऱ्यावरून गेलें, तेव्हां आमच्या चार पोफळी मोडल्या आणि त्यांवरचे वेल भुईवर आले. दोन वेल मेले, दोन जगले. जे जगले ते पुढच्या पावसाळ्यांत जमिनीवरून असे फोफावले कीं पाहणाऱ्यानें थक्क व्हावें. आम्हांला मोठें समाधान वाटलें. आधार गेला तरी वेल अडून राहिला नाहीं, हा आमच्या मताला निसर्गानेंच दिलेला पुरावा नव्हे काय? आमच्या बागेंत वर्षानुवर्षें काम करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही बाबा म्हणतों. त्यांना आम्हीं तो वेल अभिमानानें दाखविला. ते पायानें वेल जरा बाजूला सारून म्हणाले, "तात्यानू, भुंयर सोडलात तर वेल धांवतलो खूप. पण मिरी देवचो नाय." आम्हीं हट्टानें दोन वर्षें वेल तसाच ठेवला. वीस-पंचवीस हात लांब झाला. मिऱ्याचा एक दाणा आला नाहीं.

बाबांच्या वाक्यामागचें शास्त्र आम्हीं मागाहून समजून घेतलें. मिऱ्याच्या वेलाला तीन प्रकारच्या फांद्या असतात. बुडाशीं फुटून जमिनीवरून धांवणारे फुटवे. आधाराला चिकटून सरळ वर जाणारें खोड. आणि त्या चढत्या खोडाच्या पेरांतून बाजूला फुटणाऱ्या आडव्या फांद्या. मिऱ्यांचे घोंस लागतात ते या शेवटच्या फांद्यांवर. जमिनीवर पडलेला वेल पेरापेराला मुळें सोडीत पुढें जातो, त्याचीं पेरें लांबत जातात, पण फळ धरणारी आडवी फांदी त्याला फुटत नाहीं. म्हणून माड, पोफळ, आंबा, फणस, पांगारा असें कांहीं तरी उभें त्याला द्यावें लागतें. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें नारळाच्या बागेंत मसाल्याचीं पिकें घेण्याची 'लाखी बाग' नांवाची जी पद्धत प्रसृत केली, तींतही मिऱ्याच्या वेलाला माडाचेंच खोड दिलेलें आहे. धांवणें व फळणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली पाहून दुसरी होत आहे असें समजणें सोपें असतें. आमच्या भाच्याच्या बाबतींत आमची हीच चूक झाली होती.

वेलाविषयींचा आमचा दुसरा गैरसमज कवींनीं करून दिलेला आहे. वेल म्हटला कीं नाजूक, परावलंबी, वृक्षाला बिलगलेला. वृक्ष पुरुष व लता स्त्री. ही कल्पना आपल्या मनांत इतकी खोल रुजली आहे कीं आधार घेणें म्हणजे दुर्बळ असणें हें समीकरण आपण तपासूनही पाहत नाहीं. कालिदास मात्र अधिक सूक्ष्मदृष्टीचा होता. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांतली वनज्योत्स्ना ही नवमालिका आंब्याची स्वयंवरवधू आहे. म्हणजे वर तिनें निवडला आहे. शास्त्रानें या बाबतींत कालिदासाचीच बाजू घेतली. १८६५ सालीं चार्लस् डार्विननें वेलींच्या हालचालींवर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. आजारामुळें खोलींत पडून असतांना त्यानें हॉप नांवाच्या वेलाचा शेंडा दिवसरात्र पाहिला होता; तो शेंडा उन्हाळ्यांत सुमारें २ तास ८ मिनिटांत एक, अशीं हवेंत वर्तुळें काढीत आधार शोधीत असतो. वृक्ष आपल्या जागीं स्थिर उभा. सारी खटपट वेलाची. १९७५ सालीं स्ट्रॉंग व रे या दोन शास्त्रज्ञांनीं मध्य अमेरिकेंतील कोस्टारिकाच्या अरण्यांत याहून विलक्षण गोष्ट नोंदली. मॉन्स्टेरा जातीच्या एका वेलाचें कोंवळें रोप प्रथम उजेडाकडे न जातां अंधाराकडे सरकतें, कारण अरण्यांत सर्वांत गडद सांवली असते तेथें मोठें खोड असतें. एकदां खोड सांपडलें कीं तेंच रोप उजेडाकडे चढूं लागतें. एरवीं पाहणाऱ्याला वाटावें, हें भलत्याच दिशेला चाललें. नापास झालेला मुलगा मामाच्या दारांत येऊन उभा राहतो तेव्हां तोही असाच सांवलीकडे चाललेला असतो, आणि मामाला तें पाऊल माघारीचें वाटतें.

मग वाढ कोणाची, वेलाची कीं आधाराची? या प्रश्नाचें उत्तर वनस्पतींच्या संप्रेरकांत आहे. १८८० सालीं डार्विन व त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनीं गवताच्या अंकुराचा शेंडा झांकून पाहिला. शेंडा झांकला कीं अंकुर उजेडाकडे वळेनासा झाला. १९२६ च्या सुमारास हॉलंडांत फ्रित्स वेंट यानें ओटाच्या अंकुराचा शेंडा कापून आगराच्या तुकड्यावर ठेवला. शेंड्यांतलें कांहीं द्रव्य त्या तुकड्यांत उतरलें, आणि तो तुकडा बिनशेंड्याच्या अंकुरावर ठेवतांच तो पुन्हां वाढूं लागला. या द्रव्याला पुढें ऑक्सिन हें नांव मिळालें. तें शेंड्यांत तयार होतें, तेथून खालीं उतरतें, खालच्या डोळ्यांना आवरून धरतें, आणि खोडाला मुळें फोडण्यास मदत करतें. मुळांत तयार होणारें सायटोकायनिन वरच्या अंगाला जातें. तें शिंपडलें असतां मनीप्लँटच्या कलमांचीं पानें अधिक मोठीं व अधिक लवकर येतात. १९२६ सालींच कुरोसावा या जपानी संशोधकानें भाताच्या एका रोगाचा माग काढला. त्या रोगांत भाताचीं रोपें अतोनात उंच होतात व किरकोळ होऊन कोलमडतात. हें एका बुरशीनें सोडलेल्या द्रव्यानें घडतें असें त्यानें दाखविलें. तेंच द्रव्य पुढें जिबरेलिन नांवानें प्रसिद्ध झालें, व निरोगी झाडेंही तें स्वतः तयार करतात असें आढळलें. बेताचें असेल तर वाढ, बेसुमार झालें तर कोलमडणें.

हीं सारीं द्रव्यें वेलाचीं स्वतःचीं आहेत. माड तीं देत नाहीं, देऊं शकत नाहीं. या अर्थानें वाढ सर्वस्वीं वेलाची. परंतु हीं द्रव्यें किती, कोठें व केव्हां कामाला लागावींत हें वेल बाहेरच्या खुणांवरून ठरवितो: उजेड कोठून येतो, आपण उभे आहों कीं आडवे, आपल्याला कांहीं टेकलें आहे काय. १९७३ सालीं मार्क जाफे यानें ब्रायोनिया नांवाच्या वेलाचीं पेरें दररोज हलक्या हातानें चोळून पाहिलीं, तेव्हां त्यांचें लांबणें मंदावलें. नुसत्या स्पर्शानें वाढीची रीत बदलते. टेकायला कांहीं मिळालें कीं वेलाला शोधाशोधींत शक्ति खर्च करावी लागत नाहीं. ती पानांत, खोडांत व फळांत जाते. आधार वेलाला वाढवीत नाहीं. जें वेलाच्या अंगीं आहे त्याला तो आपली वेळ आल्याची खूण देतो.

येथें कोणी विचारील, मग बांडगुळाचें काय? तेंही आंब्याच्या आधारानेंच वाढतें. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर बागेंत हातानें चांचपून पाहतां येतें. बांडगूळ आपलीं शोषक मुळें आंब्याच्या फांदींत घुसवून त्याचें पाणी व क्षार ओढून घेतें. त्याची फांदी कापल्याशिवाय तें वेगळें होत नाहीं. मिऱ्याचा वेल पोफळीला चिकटतो तो केवळ धरून ठेवण्याच्या मुळांनीं. त्याचें पाणी त्याच्या स्वतःच्या बुडाशीं, त्याचें अन्न त्याच्या स्वतःच्या पानांत. पोफळीवरून वेल सोडविला तर सालीवर थोडे ओरखडे राहतात, एवढेंच. तेव्हां आधार मागणाऱ्याला 'तूं परावलंबी आहेस' असें म्हणण्यापूर्वीं त्याचीं मुळें कोठें आहेत हें पाहावयास हवें होतें. आमच्या भाच्यानें खोली मागितली होती. परीक्षा तो स्वतः देणार होता.

दुसरा आक्षेप याहून अवघड होता, व तो आम्हांला एका रोपवाटिकेंत भेटला. तेथें कुंडींत लावलेली मिरी होती: कमरेएवढें झुडूप, कशाचाही आधार नाहीं, आणि घोंसांनीं लगडलेलें. आम्हीं मनांत म्हटलें, हें पाहा, हें स्वतःच्या पायांवर उभें आहे. रोपें करणाऱ्या माणसाला आम्हीं या जातीचें नांव विचारलें. तो हंसला. जात तीच होती. उंच चढलेल्या वेलाची जी फळ धरणारी आडवी फांदी असते, तिचें कलम लावलें कीं तें चढण्याच्या खटपटींत पडत नाहीं. झुडूप होऊन तेथेंच फळतें. जमिनीवर धांवणाऱ्या फुटव्याचें कलम लावलें तर मात्र पुन्हां वेलच होतो, व त्याला पुन्हां आधार लागतो.

त्या कुंडीपुढें आम्ही बराच वेळ उभे राहिलों. या झुडपाचें स्वावलंबन खोटें नव्हतें. पण तें त्यानें मिळविलेलेंही नव्हतें. त्याच्या आधीचा एक वेल कोणा झाडाला धरून वर चढला होता, त्या चढण्यामुळें फळती फांदी फुटली होती, आणि त्या फांदीचा तुकडा होऊन हें झुडूप जन्माला आलें होतें. चढण त्याच्या जन्मापूर्वींच संपली होती, म्हणून त्याला ती दिसत नव्हती.

आम्हांलाही आमची दिसली नव्हती. आमच्या महाविद्यालयाच्या चार वर्षांत आम्ही गिरगांवांत आमच्या मामांकडे राहिलों. दोन खोल्यांचें बिऱ्हाड, सात माणसें, त्यांत आठवे आम्ही. मामी रात्रीं सर्वांचीं अंथरुणें घालून झालीं कीं स्वयंपाकघरांतला दिवा आमच्यासाठीं ठेवीत व स्वतः डोळ्यांवर पदर घेऊन निजत. त्या दिव्याचें बिल, ती जागा, तो पदर, यांचा हिशोब आम्हांला कोणीं विचारला नाहीं. आणि म्हणूनच, पदवी मिळाल्यावर ती आपण एकट्यानें मिळविली असें आम्हांला खुशाल वाटूं लागलें. ज्याला निमूटपणें आधार मिळाला तोच पुढें आधाराविरुद्ध सर्वांत मोठ्यानें बोलतो, असा अनुभव येतो तो यामुळेंच असावा. सुशिक्षित घरांतून 'आम्हीं स्वतःच्या हिंमतीवर केलें' असें जें आपण म्हणतों, त्यांतलें पुष्कळसें कुंडींतल्या मिरीचें बोलणें असतें.

आतां आधाराची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती आम्हांला खिडकींतल्या मनीप्लँटनें शिकविली. हा वेल मूळचा दक्षिण पॅसिफिक महासागरांतील मोरेआ बेटाचा. बाटलींत त्याचीं पानें तळहाताएवढीं राहिलीं. सुनेनें त्याचा एक तुकडा बागेंत माडाच्या बुडाशीं लावला. तो माडावर चढला, आणि वर जाईल तसें पान वाढत जाऊन तीन पावसाळ्यांत सुपाएवढें झालें. वेल तोच, माड मिळाला एवढाच फरक. परंतु त्याला फूल मात्र आलें नाहीं, व येणारही नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत याचें कारण दिलें आहे: जिबरेलिन तयार करण्याच्या कामांतील त्याचें एक जनुक नीट चालत नाहीं. बाहेरून जिबरेलिन दिलें तेव्हां त्याला फुलें आलीं. म्हणजे मिऱ्याच्या अंगीं फळ आहे पण आधारावांचून तें येत नाहीं. मनीप्लँटला आधार मिळाला, पान सुपाएवढें झालें, तरी जें अंगींच उणें तें माडाला पुरवितां येत नाहीं. दोहोंतला कोणता वेल आपल्या दाराशीं आला आहे हें माडाला आधीं कळत नाहीं. तें कळेपर्यंत उभें राहण्याचें थांबविणें हा शहाणपणा नव्हे. बारा वर्षांपूर्वीं आम्हीं नेमका हाच शहाणपणा केला: मुलगा पुढें कसा निघेल याची खात्री नाहीं, म्हणून खोली दिली नाहीं.

आणि आधार देणाऱ्याला कांहीं धर्म आहे. मिऱ्याचें रोप झाडाच्या अगदीं बुंध्याशीं लावीत नाहींत. त्याच्या मुळांना स्वतःची माती मिळावी म्हणून थोडें अंतर ठेवतात. कोंवळा वेल केळीच्या सोपानें सैलसा बांधतात; तो बंध कांहीं महिन्यांत कुजून गळतो, आणि तोंवर वेलानें आपलीं मुळें रोवलेलीं असतात. कायमची तार बांधली तर तीच वेलांत रुतते. पावसाच्या तोंडावर पांगाऱ्याच्या फांद्या छाटतात, कारण आधाराची सांवली दाट झाली तर वेल चढतो पण फळायला त्याला ऊन उरत नाहीं. आपण दिलेल्या आधाराखालीं माणसें कां खुरटतात याचा विचार करणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं, आम्ही धरून, ही छाटणी एकदां पाहून यावी.

गेल्या वर्षीं बाबांनीं तो भुईवरचा वेल उचलून पांगाऱ्याला लावला. लांबलेला भाग बराच कापावा लागला. अजून मिरीं धरलीं नाहींत. वेळ लागेल असें ते म्हणतात.

यंदा जून महिन्यांत आमच्या भाच्याचा वसईहून दूरध्वनि आला. त्याची धाकटी बहीण मालवणास शिकावयास येणार होती. तो म्हणाला, "मामा, तिला तुमच्याकडे ठेवाल का?" मागच्या गोष्टीचा त्यानें उल्लेख केला नाहीं. उत्तर देण्यापूर्वीं आम्हांला आवाज सांपडण्यास थोडा वेळ लागला. स्वतःला नाकारलेली वस्तु दुसऱ्यासाठीं त्याच दारीं पुन्हां मागावयास जें बळ लागतें, त्याला स्वावलंबन म्हणावें कीं आणखी कांहीं, हें आम्ही वाचकांवर सोंपवितों.

माडीवरच्या खोलींत आतां रात्रीं दिवा असतो. परवां दोन वाजून गेले तरी तो जळत होता, म्हणून 'पुरे, झोप आतां' असें सांगावयास आम्ही जिना चढूं लागलों. चौथ्या पायरीवर थांबलों, आणि आवाज न करतां परत खालीं आलों.